माहेरच्या नावाचं खातं

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोध लावल्यासारखं सांगायला नको. झाशीच्या सदर बाजारातल्या एका विमा कचेरीत मी खिडकीवर बसते. शेजारच्या खिडकीची रांग लांब असली तरी लोक तिकडेच उभे राहतात. घरी माझा आवाज चढला की नवरा उठून गच्चीवर कपडे वाळलेत का ते बघायला जातो, त्या दिवशी कपडे वाळत घातलेले नसले तरी.

पण गेल्या हिवाळ्यात जो राग आला, त्याच्यापुढे हे सगळं लाडिकच म्हणायचं. तो एका गेमच्या कंपनीवर होता. हो, गेम. चाळिशीला टेकलेली, नोकरी करणारी, सून म्हणून नांदणारी बाई लॅपटॉपवर गेम खेळते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मला पुढे बरंच बोलायचं आहे.

त्या कंपनीत माझं खातं होतं. लग्नाच्या दोन वर्षं आधी, नोकरी लागली त्याच महिन्यात उघडलेलं. तोवर आम्हा भावंडांचे सगळे गेम सीपरी बाजारातून यायचे. तिथे मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या काचेवर 'गेम भरवाएँ' असा कागद चिकटवलेला असायचा. आपली हार्ड डिस्क द्यायची, तासाभराने भरलेली परत घ्यायची. दुकानवाला भैया वर एक चिठ्ठी द्यायचा, अमुक फाइल तमुक जागी टाका, इंटरनेट बंद ठेवा, कोड मागितला तर हा घाला. सगळा चोरीचा माल. आणि आमचे बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस. विनातिकीट माणसाला ते घरी जेवतानासुद्धा शिव्या घालायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची पोरं फुकटात खेळत होती आणि त्यांना वाटायचं कॉम्प्युटरमध्ये हे असं येतच असेल.

मला ते बोचायचं. भाऊ म्हणायचा, कंपनीवाल्यांना काय कमी आहे. मी म्हणायचे, कमी असो नसो, आपण चोर आहोत. म्हणून पगार सुरू झाल्यावर ठरवलं, आता तिकीट काढून खेळायचं. खातं उघडलं, स्वतःचं पूर्ण नाव घातलं, आणि एकेक गेम रीतसर विकत घेतला. जे पूर्वी चोरून खेळलो होतो तेसुद्धा पुन्हा घेतले. भावाने मला वेड्यात काढलं. त्याच्या जुन्या मशिनीवर ते चोरीचे गेम आजही बिनबोभाट चालतात. माझा एकही चालत नाही. त्याने हे मला एकदाच ऐकवलं, दुसऱ्यांदा ऐकवायची त्याची छाती झाली नाही.

जीव जडला तो एका शेतीच्या गेमवर. नदीकाठचं लहानसं गाव, आपल्याला एक पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, पेरायची, कोंबड्या पाळायच्या, घर वाढवायचं. कुणाला मारायचं नाही, कुणाशी शर्यत नाही. सुरुवातीला तो गेम तुमचं नाव विचारतो. मी माझं नाव लिहिलं. मग वेशीवर तुमच्या नावाची पाटी लागते, आणि रोज सकाळी दार उघडलं की गावातली माणसं तुम्हाला नाव घेऊन हाक मारतात. मासे विकणारा म्हातारा, शाळेतल्या बाई, पलीकडची चक्कीवाली. आवाज नसतो, नुसती अक्षरं उमटतात. अकरा वर्षं मी त्या गावात राहिले, आणि अकरा वर्षं त्या लोकांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

याचं एवढं काय, असं वाटेल. तर सांगते. माझं ते नाव दुसरं कुणी घेत नव्हतं.

सासर माझं झाशीतलंच, पण तो वेगळा मामला. आम्ही रेल्वेवाले. बाबांची बदली झाली म्हणून आलो, क्वार्टरमध्ये राहिलो. सासरचे म्हणजे पुराने लोग. त्यांचे कोणी पूर्वज गुरसरायला जहागिरीच्या दफ्तरात कामाला आले आणि इथलेच झाले. बोलतात निम्मं हिंदी, पण कपाटाला फडताळ म्हणतात आणि रीतीभातींना असे चिकटून की पुण्यातल्यांनीही हात टेकावेत. त्यातली एक रीत म्हणजे सुनेचं नाव बदलायचं. आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावही. घरात पाऊल टाकल्यावर ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं, भटजींनी मोठ्याने वाचलं, पेढे वाटले. दोन मिनिटांचं काम. ज्या तांदळात लिहिलं त्याचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

मग वर्षभरात आधार, पॅन, बँक, मतदार कार्ड, कचेरीचं रजिस्टर, सगळीकडे नवीन नाव चढलं. सासरे तेव्हा होते, त्यांची सगळ्या कचेऱ्यांत ओळख, त्यांनी धडाधड करून टाकलं. सासरी मी नव्या नावाची झाले. माहेरी मला पहिल्यापासून सगळे ताईच म्हणतात. कचेरीत मैडमजी. म्हणजे माझं जन्माचं नाव उरलं कुठे, तर दहावीच्या मार्कशीटवर, लग्नाच्या दाखल्यावर आणि त्या गावाच्या वेशीवर. बायका स्त्रीधन म्हणून पाटल्या सांभाळतात, मी ते खातं सांभाळत होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोकांनी मला ग्वाल्हेरच्या वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं.

तर गेल्या हिवाळ्यात त्या गेमचा एक नवा भाग आला. डोंगरापलीकडची दरी उघडणार होती. इतकी वर्षं मी दुकानातून कोडवाली कार्डं आणून पैसे भरत असे. या वेळी आळस केला आणि पहिल्यांदाच बँकेचं कार्ड घातलं. बँकेच्या कार्डावर अर्थातच सासरचं नाव. दोन मिनिटांत खातं बंद. पडद्यावर आलं की हे खातं दुसऱ्या व्यक्तीला विकल्याचा किंवा दिल्याचा संशय आहे, खातेदाराने ओळख पटवावी.

गेम माझ्या लॅपटॉपमध्ये होता. फाइली माझ्या टेबलावर, माझ्या घरात, माझ्या विजेवर. पण दार उघडायचं तर त्यांना विचारून, आणि त्यांनी आतून कडी लावली होती. तेव्हा मी पहिल्यांदा ते नियमांचं भलंमोठं पान वाचलं. त्यात सरळ लिहिलं होतं की तुम्ही काहीही विकत घेतलेलं नाही. तुम्हाला फक्त खेळण्याची परवानगी दिली आहे. ती परवानगी तुमच्या एकट्याची. ती विकता येत नाही, देता येत नाही, मेल्यावर मुलाबाळांना ठेवता येत नाही, आणि आम्हाला वाटेल तेव्हा आम्ही ती काढून घेऊ. अरे मेल्यांनो, मग बटणावर 'विकत घ्या' असं का लिहिता? 'आमच्या मर्जीवर खेळा' असं लिहा की.

मी त्यांच्या मदत विभागाला लिहिलं. तिथे दर वेळी नवा माणूस. प्रत्येक जण आधी माझ्या गैरसोयीबद्दल मनापासून खेद व्यक्त करायचा आणि मग तेच विचारायचा, खातेदाराच्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र. मी आधार पाठवलं. यावर दुसरंच नाव आहे. मी मार्कशीट पाठवली. यावर फोटो नाही. मी लग्नाचा दाखला पाठवला. यावरून त्या नावाच्या मुलीचं लग्न झालं एवढंच कळतं. मग मी समजावून सांगितलं, की बाबांनो, लग्नात माझं नाव बदललं. उत्तर आलं, लग्नात आडनाव बदलतं हे आम्ही जाणतो आणि त्याची सोय आमच्याकडे आहे. पण तुमचं पहिलं नावही वेगळं आहे. लग्नाने पहिलं नाव कसं बदलेल?

आता याला काय सांगायचं? तांदळाचं ताट सांगायचं? मी सांगितलं. इंग्रजीत, सविस्तर, अंगठीसकट. पलीकडच्याने माझ्या संस्कृतीबद्दल माहिती दिल्याबद्दल आभार मानले आणि ओळखपत्र मागितलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आणि त्याच आगीत मला एक म्हातारा आठवला. जवळच्या बबिना गावाहून आमच्या खिडकीवर दोनदा आला होता. त्याच्या मेलेल्या बायकोचं नाव पॉलिसीवर एक आणि आधारवर दुसरं. तो म्हणत होता, मैडमजी, एक ही औरत है. मी म्हटलं होतं, कागज़ में दो हैं. दोन्ही वेळा परत पाठवला. तो तिसऱ्यांदा आला नाही. ही आठवण मला नको होती, मी तिला झटकून टाकली आणि पुन्हा कंपनीवर राग काढायला बसले.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, नवीन खातं उघड. "नव्या नावाने उघड, झंझटच नको. गेमच तर आहे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गच्चीकडे वळला. मी जिन्यापर्यंत मागे गेले आणि ऐकवलं, "अहो, तुम्ही लोकांनी माझं नाव तांदळात घालून शिजवून खाल्लंत. मला कुणी विचारलं होतं का? आणि आता तुम्हीच म्हणता नवीन उघड." तो म्हणाला, "मी तर अंगठीने जे लिहायला सांगितलं ते लिहिलं." हे खरंच होतं. त्याने आयुष्यभर जे लिहायला सांगितलं तेच लिहिलं आहे.

पुढच्या शनिवारी अर्धी रजा टाकून बाबांना घेऊन कचहरीत गेले. दोन नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र करायचं होतं. पत्र्याच्या छपराखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाने विचारलं, "किस काम के लिए है, बहनजी?" मी म्हटलं, गेम के लिए. त्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि टाइप केलं, 'निजी कार्य हेतु'. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर खाल्लं नाही.

परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "तिकीट दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, हे मीच जन्मभर लोकांना सांगत आलो."

"म्हणजे त्यांचं बरोबर?" मी विचारलं.

"नाही. मी कागद बघायचो, पण माणसाचं तोंडही बघायचो. मला उतरवायचं असलं तरी समोर उभं राहून उतरवायचो."

शपथपत्राचं इंग्रजी भाषांतर, त्याच्यावर पुन्हा शिक्का, मग स्कॅन, मग पाठवणी. या वेळी कंपनीने ते मानल्यासारखं केलं. कळवलं की आता शेवटची पायरी. आमचा प्रतिनिधी येत्या दहा दिवसांत तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन करेल, खातेदाराशी बोलून खात्री करेल. खात्री झाली तर खातं उघडेल. झाली नाही तर खातं कायमचं मिटवलं जाईल, आणि त्यातलं सगळं त्याच्याबरोबर.

मी लिहिलं, संध्याकाळी पाचनंतर करा. उत्तर, प्रतिनिधी कामाच्या वेळेतच फोन करतात. आता माझी कामाची वेळ म्हणजे खिडकीवरची वेळ, आणि आमच्याकडे खिडकीवर फोन चालत नाही, ड्रॉवरमध्ये बंद ठेवावा लागतो. फॉर्मवर दुसऱ्या नंबरची जागा होती. तिथे मी घरचा नंबर टाकला, म्हणजे सासूबाईंचा मोबाइल. त्या दिवसभर घरी असतात, पहिल्या रिंगला उचलतात. त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आई, गेमवाल्याचा फोन येईल, तो माझं जुनं नाव घेईल, तुम्ही हो म्हणा? सासूबाईंशी माझं भांडण कधी झालं नाही, कारण आमचं बोलणंच मुळी मीठ-मसाल्यापुरतं. त्या मला लॅपटॉपसमोर बघून तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण भांडी जरा जोरात ठेवायच्या. मी मनात म्हटलं, पहिल्या नंबरवर मीच उचलेन, दुसऱ्याची वेळच येणार नाही. आणि नाही सांगितलं.

त्या दहा दिवसांत मी खिडकीवर ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून बसले. लोकांवर नेहमीपेक्षा जास्त खेकसले. फोन आला नाही, किंवा मला तसं वाटलं. एकदा दुपारच्या सुट्टीत एक अनोळखी नंबर चुकलेला दिसला, परत लावला तर लागला नाही.

घरी सासूबाई जरा विचित्रच वागत होत्या. मी कचेरीतून आले की चहा तयार. गरम पोळी आधी माझ्या पानात. माझा मोबाइल वाजला की नवऱ्याला म्हणायच्या, जा रे, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन ये. एकदा मी फोनवर मैत्रिणीशी बोलत होते तर त्या आतल्या खोलीचं दार स्वतः ओढून घेऊन गेल्या. मला वाटलं, वय झालं, माया आली असेल. मी चहा पीत राहिले.

मग ते पत्र आलं. एका शनिवारी, संध्याकाळी घरी आल्यावर उघडलं. आपण दिलेल्या दुसऱ्या नंबरवर संपर्क केला असता, या नावाची कोणतीही व्यक्ती येथे राहत नाही असे सांगण्यात आले. ओळख पटू शकली नाही. खाते कायमचे मिटवण्यात आले आहे. हा निर्णय अंतिम आहे. आपली गैरसोय झाल्याबद्दल मनापासून खेद. फोनची तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती.

मी गेम उघडून बघितला. नाव आणि पासवर्ड घातला. असं कोणतंही खातं नाही. पुन्हा घातला. असं कोणतंही खातं नाही.

मी उठले ती सरळ स्वयंपाकघरात. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या.

"आई, तुमच्या फोनवर कुणाचा फोन आला होता का? माझं माहेरचं नाव घेऊन?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं. "हळू बोल. तो बाहेरच्या खोलीत बसलाय." तो म्हणजे माझा नवरा.

"आला होता ना?"

"आला होता. मी सांगितलं, इस नाम की यहाँ कोई नहीं रहती, दोबारा फ़ोन मत करना. मग शेजारच्या मुलीकडून त्याचा नंबर माझ्या फोनवर बंदच करवून घेतला."

"का पण?"

"का म्हणजे काय?" त्या आणखी खाली आवाजात म्हणाल्या. "परका पुरुष भर दुपारी फोन करतो. तुझं लग्नाआधीचं नाव घेतो, इतकं अदबीने घेतो. म्हणतो, उन्हीं से बात करनी है, और किसी से नहीं. ते नाव आता कोणाला ठाऊक असणार? कॉलेजातलं काही असेल. मी विचारलं नाही, विचारणार पण नाही. सगळ्यांचं काही ना काही असतं. तुझ्या नवऱ्याला कळलेलं नाही. माझ्याकडून कळणारही नाही."

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. अकरा दिवस ही बाई माझा एक प्रियकर मनात धरून मला गरम पोळ्या वाढत होती. माझ्याबद्दल तिने हे मानलं, एका क्षणात मानलं, त्याचा मला भयंकर संताप आला. आणि मानूनही पोटच्या मुलापासून लपवलं, याचं काय करायचं ते कळेना. नवऱ्याला कोथिंबीर आणायला पाठवणं आता कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

शेवटी मी म्हटलं, "तो गेमच्या कंपनीचा माणूस होता."

मग सगळं सांगितलं. खातं, बँकेचं कार्ड, शपथपत्र, दहा दिवस. लॅपटॉप आणून तिथेच फरशीवर ठेवला आणि ते शब्द दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, इंग्रजी त्यांना येत नाही.

"म्हणजे ते भोपळ्यांचं शेत गेलं?" त्यांनी विचारलं. "ते तळ्याकाठी पिवळ्या दाराचं घर होतं, ते पण?"

त्यांनी कधी बघितलं होतं कोण जाणे. मी तोवर शिगोशीग भरले होते, ते सगळं बाहेर आलं. "सगळं गेलं, आई. तुमच्या एका वाक्याने गेलं. तुम्हा लोकांना माझं नाव नकोच होतं. पहिल्याच दिवशी पुसून टाकलंत. एका ठिकाणी उरलं होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिथूनही घालवलंत. मी काय मागितलं होतं या घरात? मला विचारलं होतं का कुणी, की बाई, तुझं नाव बदलू का?"

"मी विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला, कारण त्याच्यावर मेथीची पानं पडत होती.

"लग्नाला चार दिवस होते. मी तुमच्या क्वार्टरवर साडी द्यायला आले होते. तुझी आई चहा टाकायला आत गेली आणि मी मुद्दाम तुला एकटीला विचारलं. म्हटलं, आमच्यात नाव बदलतात, पण तुला तुझंच ठेवायचं असेल तर सांग, भटजींना आणि यांना मी बघून घेते. माझ्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला विचारलं. मी उभी होते. तू हेच मांडीवर घेऊन बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, काहीही ठेवा, मला चालेल."

त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. मला म्हणायचं होतं की हे खोटं आहे. पण क्वार्टरची ती पुढची खोली मला दिसली, खिडकीपाशी मी, आणि दारापाशी कुणीतरी उभं राहून बोलत असलेलं. साडीचा रंग आजही आठवत नाही. त्यांचा चेहराही आठवत नाही, कारण मी तो बघितलाच नव्हता. त्या दिवशी गेममध्ये पेरणीचा शेवटचा दिवस होता आणि मला घाई होती.